डोहाळे नव्हते ते

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. त्यामुळे आईच्या ऑपरेशनची फाईल माझ्याकडे येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला ते आवडलंही होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं असं मला आता वाटतं.

ऑपरेशन वजन कमी करण्याचं होतं. आईची शुगर आटोक्यात येत नव्हती, गुडघे गेले होते, अंगणातून मागच्या मोरीपर्यंत जायचं तर ती दोनदा भिंत धरायची. ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये तिच्या पोटाचा मोठा भाग काढून टाकला. उरली ती केळ्याएवढी पिशवी. घरी सोडताना तिथल्या डाएटिशियनने इंग्रजीत छापलेला दोन पानी तक्ता दिला. मी तो मराठीत लिहून काढला आणि फ्रीजवर चिकटवला. एका वेळी अर्धी वाटी. आधी डाळ किंवा अंडं, मग भात. जेवताना पाणी नाही. घास तीस वेळा चावायचा. सहा वेळांचे सहा गजर माझ्या फोनवर लावले.

आई सगळं मुकाट करायची. पहिल्या आठ महिन्यांत ती पस्तीस किलोंनी उतरली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, ब्लाऊज सगळे उसवून पुन्हा शिवले. शीळफाट्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव आहे. गाव म्हणजे आता चारी बाजूंना टॉवर आणि मध्ये आमची घरं. तिथल्या प्रत्येक हळदीला बायका आईला वळवून वळवून बघायच्या आणि मला म्हणायच्या, "पोरीनं आयला वळण लावलंन गो!" मी नको नको म्हणायचे आणि घरी येऊन तक्त्याचा उचकटलेला कोपरा पुन्हा चिकटवायचे.

आठव्या महिन्यात एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आई स्वयंपाकघरात जवळ्याचा डबा उघडून उभी होती. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. खात नव्हती. नुसता वास घेत होती, डोळे मिटून.

"भूक लागली का?" मी विचारलं.

"भूक नाय गो. भूक असती त अर्ध्या वाटीन गेली असती."

"मग?"

"खावाशी वाटतं. कसा सांगू तुना? हाडांतून येतं. पाळीच्या आंगोदर आठ दिस आसाच व्हतं. मंग जातं."

आईची पाळी आधी तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. ऑपरेशननंतर ती दर महिन्याला यायला लागली होती, आणि रक्त खूप जायचं. ते मला माहीत होतं, कारण दुकानातून पॅड मीच आणायचे. पण पाळीचा आणि जवळ्याचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, मन कच्चं आहे. सवय आहे, सुटत नाही. मी तिला पाणी पी म्हटलं, अंगणात दोन फेऱ्या मार म्हटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं तेव्हा मी जवळ्याचा डबा उचलला आणि माझ्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली. माझ्या वह्यांना कितीतरी दिवस त्याचा वास येत होता. आईने किल्ली मागितली नाही. तिने मागायला हवी होती, असं आता वाटतं. तेव्हा मला ती समजूतदार वाटली.

नवव्या महिन्याच्या तपासणीला आम्ही ठाण्याला गेलो. बाहेर बाकावर बसलेलो असताना आईने माझा हात धरला. एवढ्या वर्षांत तिने मला कधी काही पाठ करून घ्यायला लावलं नव्हतं, पण त्या दिवशी लावलं. "तिला सांग, मना पाळीच्या आंगोदर लय खावाशी वाटतं. खारट, आंबाट. भूक नसते तरी. जीव घाबरा व्हतो. आनि सांग, मी खात नाय, पन वाटतं. सांगशील ना बराबर?"

"सांगते."

आत गेलो. डाएटिशियन तरुण होती, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. टेबलावर लॅपटॉप, केस नीट बांधलेले. मी आत शिरल्या शिरल्या 'गुड मॉर्निंग, मॅम' म्हटलं, म्हणून तीही इंग्रजीत बोलली. तिने वजन बघितलं, माझी गजरांची यादी बघितली, आणि आईकडे न बघता माझ्याकडे बघून हसली. काही तक्रार आहे का, असं तिने विचारलं.

मला आठवतंय, आईचं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण हाडांतून येतं, जीव घाबरा होतो, हे इंग्रजीत कसं म्हणायचं? आणि मराठीत सांगितलं असतं तर आई मध्येच तिच्या बोलीत सुरू झाली असती, मना, तुना, खावाशी. मला त्या खोलीत ते ऐकायचं नव्हतं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं आहे. शिवाय ती बाई नुकतीच माझ्याकडे बघून हसली होती.

"नो कम्प्लेंट्स, मॅम," मी म्हटलं.

"व्हेरी गुड."

परतीच्या रिक्षात आईने विचारलं, "बोललीस?"

"हो."

"काय बोलली ती?"

"पाणी पी म्हणाली. फेऱ्या मार."

आईने मान हलवली.

त्यानंतर ती कच्चे तांदूळ खायला लागली. तांदूळ निवडायला बसली की एकेक दाणा तोंडात टाकायची आणि दाढेखाली कटकट फोडायची. तक्त्यात कच्च्या तांदळाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. माझी अक्कल तेवढीच होती.

हे पहिल्यांदा पाहिलं मोठ्या काकीने. मोठी काकी म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिचं घर आणि आमचं घर एका अंगणात. तिला तीन मुलगे. आमच्या घरी मी एकटी. माझ्यानंतर आईला मूल झालंच नाही, आणि काकी चारचौघांत म्हणायची, "हिनं एकीवरच दुकान बंद केलंन." आई हसायची. मला ते हसणं लहानपणापासून आवडत नाही.

आमच्याकडे पाळी आली की बाई देवघराकडे जात नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही. त्यामुळे कुणाची तारीख कधी हे सगळ्या अंगणाला ठाऊक असतं. ऑपरेशनला वर्ष होत आलं तेव्हा आईची पाळी पुन्हा लांबली, जवळजवळ दोन महिने. देवाला दिवा रोज आईच लावतेय हे काकीच्या नजरेत आलं. त्यात ते तांदूळ. त्यात एके दिवशी आईने काकीकडची कैरी मागून खाल्ली, जरा घाईने खाल्ली, आणि मोरीवर जाऊन ओकली. ऑपरेशन झालेल्या माणसाने घाईने खाल्लं की ओकारी होतेच, तक्त्यात दुसऱ्याच पानावर लिहिलंय. पण काकीने तक्ता कुठे वाचला होता?

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गो, कवापासून?"

"काय कवापासून?" आई तोंड पुसत म्हणाली.

"मना शिकवतेस? तिघांना जलम दिलाय मी. आंबाट काय, तांदूल काय, उलट्या काय! आनि दोन महिनं बाजूला बसली नायस. पोट बारीक करून घेतलंस ते ह्यासाठीच व्हय!"

आई हसली. नेहमीचं हसणं नव्हतं ते. तिने हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताटं यायला लागली. वाकट्यांचं कालवण, कैरी घातलेला जवळा, घावणे, कालच्या भाताची पेज आणि सोबत भाजलेला सुका बोंबील. काकी स्वतः समोर बसून भरवायची. जिने वीस वर्षं आईच्या ताटात किती भात आहे हे डोळ्यांनी मोजलं, ती म्हणायची, "खा. तुना नाय, त्याला पायजे." मी तक्त्याचं नाव काढलं तर म्हणाली, "तुजा कागद ठेव तिकडं. ती आता दोन जिवांची हाय. कागदान दोन जीव लिवलेत काय?"

शेजारच्या बायका यायच्या, आत्या दिवा गावाहून आली, ती येताना खारवलेले आवळे घेऊन आली. सगळ्या आईला एकच विचारायच्या, "काय खावाशी वाटतं?" आई सांगायची. सविस्तर सांगायची, कुठला मासा, किती आंबट, तव्यावरचा की चुलीवरचा. मी दारात उभी राहून ऐकायचे. हेच तिने मला सांगितलं होतं, आणि मी फेऱ्या मार म्हटलं होतं.

बाबा एका संध्याकाळी पिशवीभर कैऱ्या घेऊन आले. ओट्यावर ठेवल्या आणि तसेच बाहेर गेले. बाबांनी आईला काय हवंय हे बघून काही आणल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते. आई त्या कैऱ्यांकडे बराच वेळ बघत होती.

मी तिला एकटीला गाठून विचारलं, "आई, खरं आहे का हे?"

"बोलूदेत त्यांना."

"टेस्ट करूया ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"कराची काय घाई हाय?" ती म्हणाली. मग दुसरीकडे बघत, "आसल पन. काय सांगता येतं?"

तिला ते खरंच वाटत होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं की ती अर्ध्या वाटीच्या जागी दोन वाट्या खात होती आणि दिवसाआड ओकत होती, आणि प्रत्येक ओकारीला अंगणात आनंद होत होता. मला भीती वाटायची. पोटाचे टाके, शुगर, सगळी भीती. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. माझा तक्ता कुणी बघत नव्हतं.

मग काकीने चोरओटीचं काढलं. तिसऱ्या महिन्यात, बाहेर कुणाला सांगायच्या आधी, घरातल्या बायका गुपचूप ओटी भरतात ती चोरओटी. शुक्रवार ठरला.

त्या शुक्रवारी सकाळी मी मोरीत गेले तर माझं पॅडचं पाकीट फोडलेलं होतं. दोन कमी होते. कचऱ्याच्या डब्यात तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते मी उघडून बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. आई देवघरासमोर नव्हती, दिवा लागलेला नव्हता, पण त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी तिच्याशी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझं प्रॅक्टिकल होतं, मी डोंबिवलीला निघून गेले. आल्यावर बोलू, असं ठरवलं. वाटलं, तोवर आई स्वतःच काहीतरी कारण काढून हे टाळेल.

दुपारी परत आले तर ओटी भरून झाली होती. पाच-सहा बायका खाली बसलेल्या, आई पाटावर. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर नारळ, तांदूळ, खण, हळकुंड. आणि समोर केळीच्या पानावर सगळं. मी वर्षभर जे जे खोडून टाकलं होतं ते सगळं. आई खात होती. मान खाली घालून, सावकाश, एकेका गोष्टीला हात लावून बघत. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ऑपरेशनच्या आधीही कधी पाहिलं नव्हतं.

काकीने मला दारात पाहिलं. "आली गो मास्तरीन! ताट लपवा, ना त आता तीस वेळा चावाला लावील!"

सगळ्या हसल्या. आत्या म्हणाली, "आता धाकला भाव येईल, त्याचा पन तक्ता लाव भिंतीवर."

आईही हसली. माझ्याकडे बघून, त्यांच्याबरोबर.

मी म्हणाले, "तिच्या पोटात काही नाहीये. तिला पाळी आलीये. आज सकाळी."

माझा आवाज मोठाही नव्हता. पण मी शुद्ध बोलले होते, कॉलेजात बोलते तसं, आणि त्यामुळे ते कुणालाच न ऐकल्यासारखं करता आलं नाही.

काकीने आईकडे बघितलं. आईने नाही म्हटलं असतं तर काकीने तिच्यावर विश्वास ठेवला असता, माझ्यावर नाही. आई हातातला घास बघत राहिली.

"ऊठ," काकी म्हणाली. "पाटावरून ऊठ आंगोदर. देवाचा नारल मांडीवर घेतलास, आश्यान?"

आई उठली. मांडीवरचे तांदूळ जमिनीवर सांडले, नारळ गडगडत भिंतीपाशी गेला आणि तो उचलायला कुणी पुढे झालं नाही. आत्या गोमूत्र आणायला आत गेली. एकीने पदर तोंडाला लावला होता, ती हसत होती की काय, कळलं नाही. काकी जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, "डाक्टरनं पोट कापलंन, पन जीभ कापाची राहिली. खावासाठी पोराचं नाव सांगतं का कोन?"

आईने ते पान उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि गायीसमोर ठेवलं. मग हात धुतले. मी तिच्या मागे मागे गेले होते. मी म्हटलं, "आई, मी तुझ्या भल्यासाठी बोलले. तुला काही झालं असतं तर?"

ती हात पुसत म्हणाली, "त्या दिशी दवाखान्यान मी तुना एवढा सांगलेलं. तू आत जाऊन दोन शब्द बोललीस. मना इंग्लिश येत नाय, पन मोजता येतं." आणि टॉवेल दोरीवर टाकून, "जय सांगाचं तय, दवाखान्यान, नाय सांगलास. हय, सगल्यांसमोर सांगलास."

बाबांना काकांकडून कळलं. जेवताना त्यांनी माझ्याकडे न बघता "बरं केलंस" म्हटलं. मला ते कानफटात मारल्यासारखं लागलं. उरलेल्या कैऱ्या ओट्यावर पिकून मऊ पडल्या. बाबांनी त्या कुठे टाकल्या कोण जाणे. काकीकडून ताटं यायची बंद झाली हे तर सांगायलाच नको. पण कुणी आईला 'काय खावाशी वाटतं' हेही विचारायचं बंद झालं. पोटात बाळ असतं तेव्हाच बाईला काहीतरी हवंसं वाटायची परवानगी असते. एरवी तेच मागितलं तर ती हावरट. हे मला काकीने शिकवलं असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण काकीच्या आधी किल्ली मी फिरवली होती.

पुढच्या तपासणीला मी फाईल घेऊन निघाले. हॉस्पिटलच्या बाकावर आमचा नंबर आला तेव्हा आईने हात पुढे केला. "दे ती फाईल. तू बस हय."

ती आत गेली. दार पूर्ण लागलं नव्हतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आईचा आवाज आला, अंगणात बोलते तेवढाच मोठा, तिच्या बोलीत, एक शब्द न बदलता. जवळा, कच्चे तांदूळ, पाळीच्या आधीचे आठ दिवस, किती जातं ते, सगळं. मी मान खाली घातली. बाकावरची दुसरी बाई ऐकत होती.

डाएटिशियन मराठीत उत्तर देत होती. साध्या, गावाकडच्या मराठीत. मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं नसतं तर ती माझ्याशीही तशीच बोलली असती.

"अहो, बऱ्याच बायकांना होतं हे," ती म्हणत होती. "वजन उतरलं की हार्मोन्स बदलतात, पाळीचं चक्र बदलतं, आणि पाळीच्या आधी असं खावंसं वाटायला लागतं. त्यात तुमची चूक नाही. आणि तांदूळ खावेसे वाटतात ना, ते रक्त कमी झाल्याचं असू शकतं. हा रिपोर्ट बघा, रक्त किती खाली आलंय. लोखंडाच्या गोळ्या घेत होतात का?"

"त्यानं पोट धरतं. सोडल्या."

त्या गोळ्या तक्त्यात होत्या. शेवटच्या ओळीत. मी खाण्यावर एवढं लक्ष ठेवून होते की गोळ्यांची पाकिटं मी कधी मोजलीच नाहीत.

"कधीपासून होतंय हे सगळं?"

"झालं की चार-पाच महिनं."

"मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं की."

आता ती माझं नाव घेईल, असं मला वाटलं. घ्यावं, असंही वाटलं.

"सांगावाला कोन नव्हता," आई म्हणाली.

त्यानंतर बराच वेळ दोघी बोलत होत्या, हळू आवाजात. मध्ये एकदा दोघी हसल्या. आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नवा कागद होता, हाताने लिहिलेला, मराठीत. मी हात पुढे केला. तिने तो दोनदा घडी घालून पिशवीत टाकला.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"मना बोलली," आई म्हणाली.

आता महिन्यातल्या त्या आठ दिवसांत ती काय खाते, किती खाते, मला माहीत नाही. स्वयंपाकघरातून कधी वास येतो, मी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसते आणि आत जात नाही. ताटली धुतल्याचा आवाज आला की मग जाते. तोवर ओटा पुसून झालेला असतो, आणि ती मला विचारते, तुना काय करू खावाला.